एक कान क्लबचा

...आणि वर मलाच विचारतात, लाज वाटते का म्हणून. वाटते ना! तुम्हाला सांगतो, सकाळी दात घासताना आरशात बघतो तेव्हा वाटते, जेवायला बसलो की वाटते, आणि फ्रिज उघडायचा म्हटलं की इतकी वाटते की मी हल्ली पाणीसुद्धा माठातल्यासारखं बाहेर ठेवलेलंच पितो. फ्रिजचं काय ते येईल पुढे. पण मला एक सांगा, ज्या माणसाचा फुटबॉल क्लब एका हंगामात एकवीस मॅच हरतो, त्याला लाज ही काय नवीन गोष्ट आहे? आम्ही तर क्लबचा मफलरसुद्धा कोटाच्या आतून घालतो. कुणी विचारलंच तर घसा धरलाय म्हणून सांगतो.

हसू नका. तुमचा क्लब जिंकत असेल. जिंकणाऱ्या क्लबच्या मागे जायला काय लागतं? टाळ्या वाजवायला दोन हात असले की झालं. आमचा क्लब कसा आहे माहितीये? ऐंशी मिनिटं असा खेळतो की शेजाऱ्यांना बोलावून दाखवावं, आणि शेवटच्या दहा मिनिटांत असा खेळतो की बोलावलेल्या शेजाऱ्यांना चहा न देता घालवावं. मग सोडून का देत नाही, असं बायको विचारते. अगं, सोडून कसा देऊ? हे दुखणं मला बाबांकडून आलंय. मी सात वर्षांचा असताना बाबा मला पहिल्यांदा मैदानावर घेऊन गेले. तिथे उभं राहायचं, पुढे सगळे उंचउंच लोक, मला दिसतंय काय, तर कोट. नव्वद मिनिटं फक्त कोटांच्या पाठी. मी रडकुंडीला आलो. तर बाबा खाली वाकले आणि माझ्या कानाशी तोंड आणून सांगायला लागले, "आता आपल्या उंच्याकडे बॉल आलाय... पुढे निघालाय... एकाला चकवलं..." अख्खी मॅच सांगितली हो. वाकून. घरी गेल्यावर त्यांची पाठ दोन दिवस सरळ झाली नाही. हरलो होतो, ते वेगळं.

तर तेव्हापासून मला मॅच ऐकायचीच सवय. आणि धंदा बघा काय निवडला, कान तपासायचा! नाही, मी डॉक्टर नाही. डॉक्टर आमच्या मॅडम. मी मशीनवाला. एक छोटी खोली असते, भिंतींना आतून स्पंज, बाहेरचा आवाज आत जात नाही, आणि एका बाजूला काच. पेशंट आत बसतो, कानावर हेडफोन, हातात एक बटण. मी काचेच्या बाहेर. मी मशीनवरून एक बारीक आवाज सोडायचा, पीं... आत ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, की माझ्याकडे दिवा लागतो. मग आवाज आणखी बारीक करायचा, आणखी बारीक, आणि जिथे दिवा लागायचा थांबेल तिथे कागदावर खूण. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. झाला रिपोर्ट. शांतपणे, नीट लक्ष देऊन करायचं काम आहे. लक्ष देऊन! हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे माझ्या तोंडावर येऊन आपटणार आहे.

आता आमचा दवाखाना शनिवारी सहापर्यंत चालू आणि मॅच असते तीनला. सांगा, माणसानं काय करायचं? मी तोडगा काढला. तो बिनवायरचा एवढासा इअरफोन येतो ना, तो डाव्या कानात घालायचा, वरून केस ओढून घ्यायचे. उजवा कान नोकरीला, डावा क्लबला. देवानं कान दोन दिलेत ना? मग! दोन दिलेत ते काय चष्मा अडकवायला?

नाही, अडचणी यायच्या. नाकारत नाही. एकदा एका रिटायर्ड शिक्षिकेच्या कानात टॉर्च मारून बघत होतो आणि तिकडे आमच्या सेंटर फॉरवर्डसमोर गोल उघडा पडला, तर मी कळवळून म्हणालो, "अरे सगळं रिकामं आहे आत, सगळं रिकामं!" बाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी." पण निभावलं. वर्षानुवर्षं निभावलं. कान दोन आहेत, चालून जातं.

आणि मग बाबांचं ऐकणं कमी व्हायला लागलं. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग आई सांगायला लागली, "मी विचारते भाजी कुठली आणलीत, तर हे म्हणतात साडेचार वाजले." शेवटी मीच म्हणालो, आणा त्यांना दवाखान्यात, मी स्वतः तपासतो. स्वतः! किती ऐटीत म्हणालो. वेळ मिळाली शनिवारची, दुपारी तीन. तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही, त्या दिवशी काय आहे ते. हंगामाची शेवटची मॅच! हरलो तर खालच्या विभागात घसरणार. जिंकायची गरज नव्हती हो, नुसती बरोबरी झाली असती तरी वाचलो असतो. मला म्हणता आलं असतं, बाबा, सोमवारी या. एक फोन. पण सोमवारी का, असं आईनं विचारलं असतं, आणि आईला खोटं सांगायला मला अजून जमत नाही. म्हटलं चालून जाईल. कान दोन आहेत.

बाबा आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले हो. मुलाच्या दवाखान्यात जायचं म्हणून इस्त्री. मी त्यांना खुर्चीत बसवलं, हेडफोन लावले, बटण दिलं आणि मोठ्यानं सांगितलं, "आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी." बाबांनी मान हलवली.

आता इथे नीट ऐका, कारण इथे मी जे केलं ते आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात, करू नये म्हणून. नव्या लोकांना मीच शिकवतो! पेशंटला कधीही तुमचा चेहरा दिसता कामा नये. त्याची खुर्ची काचेला आडवी ठेवायची. कारण माणसं चेहरा वाचतात. तुमची भुवई हलली की त्यांना वाटतं आवाज आला असणार, आणि ती बटण दाबतात. म्हणून माझं स्टूलही एका कोपऱ्यात ठरलेलं आहे. पण त्या कोपऱ्यात बसलं की माझा डावा कान येतो दाराकडे, आणि दारातून मॅडमची जा-ये. शेवटच्या मॅचला पकडलो गेलो तर? म्हणून मी स्टूल उचललं आणि मशीनच्या दुसऱ्या बाजूला ठेवलं. डावा कान भिंतीकडे. दारातून बघणाऱ्याला वाटावं, काय मन लावून बसलाय. आणि समोर काच, आणि काचेपलीकडे अगदी नाकासमोर बाबा.

शिट्टी झाली आणि तपासणीही सुरू झाली. मी आवाज सोडतोय, दिवा लागतोय. आणखी बारीक, लागतोय. अरे वा, म्हटलं, बाबांचे कान तर माझ्यापेक्षा चांगले! तेवढ्यात तेविसाव्या मिनिटाला आमचा गोल. एक-शून्य! मी तोंडातून आवाज काढला नाही, शपथेवर सांगतो, नुसती टेबलाखाली मूठ आवळली, तर दिवा लागला, लागला, परत लागला. मी म्हटलं, छान. उजवा कान पूर्ण. हाफटाइमला डावा कान सुरू केला. सत्तर मिनिटं झाली, एक-शून्य. ऐंशी मिनिटं झाली... तुम्हाला सांगितलंय ना आमच्या क्लबचं? शहाऐंशीव्या मिनिटाला त्यांची बरोबरी. ठीक आहे, म्हटलं, बरोबरीनंही वाचतो. आणि एक्क्याण्णवाव्या मिनिटाला आमच्या गोलकीपरच्या हातातून, साध्या सरळ हातात आलेला बॉल... जाऊ दे. घसरलो खाली. एकेचाळीस वर्षं वरच्या विभागात काढून.

एक तपासणी वीस मिनिटांत होते. मी बाबांना दोन तास आत बसवून ठेवलं होतं. हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा काहीच लक्षात येत नव्हतं, डोळ्यांसमोर धुकं. त्या धुक्यात मी लाल गोल काढले, निळ्या फुल्या काढल्या, खाली लिहिलं 'दोन्ही कान नॉर्मल', आणि सही ठोकली. बाबा बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "होईल रे सगळं ठीक." आणि मी... मी त्यांना म्हणालो, "झालंच आहे ठीक बाबा, रिपोर्ट नॉर्मल आहे." मला वाटलं ते कानांबद्दल बोलतायत!

तो रिपोर्ट आईनं फ्रिजवर लावला. मॅग्नेटखाली. आईच्या मॅग्नेटखाली एकदा कागद गेला की तो कायदा होतो. "बघा," ती म्हणाली, "नॉर्मल! सही आहे पोराची! म्हणजे ऐकू सगळं येतं आणि मुद्दाम ऐकत नाहीत. चव्वेचाळीस वर्षं मला हा संशय होताच."

झालं. त्यापुढचे तीन महिने आमच्या घरात बाबांचं जे झालं ते मी तुम्हाला कसं सांगू. आईनं एकदा बोललेलं परत बोलायचं बंद केलं. का बोलू, म्हणाली, नॉर्मल आहे. मीठ मागितलं, बाबांनी चमचा दिला, आई उठली, फ्रिजवर बोटानं टकटक केलं आणि परत बसली. एकदा ती बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आली आणि पस्तीस मिनिटं दारात उभी राहून बेल वाजवत होती. बाबा आत पेपर वाचत. "बेल वाजलीच नाही गं," म्हणाले. टकटक! दोन दिवस अबोला. आणि माझी मुलगी, आमची चिमणी, शाळेतली गोष्ट आजोबांना सांगायला जायची, रोज जायची. गोष्टीत ससा मेला आणि आजोबा हसले. ती रडत आली, "आजोबा माझं मुद्दाम ऐकत नाहीत." मग जायचीच बंद झाली. बाबा संध्याकाळी खुर्चीत बसून दाराकडे बघत राहायचे, ही येईना का म्हणून.

आणि मी काय केलं? विचारा ना, विचारा. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हणालो, "बाबा, जरा लक्ष देत जा माणसांकडे." मी! त्यांना! लक्ष द्या म्हणालो! आणि हे म्हणताना माझ्या डाव्या कानात काय होतं, सांगू? नव्या हंगामाची सराव मॅच. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग जरा केसांकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं, देत जाईन." एवढंच. आता आठवलं की जमीन दुभंगावी असं वाटतं, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, खालच्या लोकांचाही विचार करावा लागतो.

शेवटी आईचाच धीर सुटला. एका बुधवारी तिनं रिपोर्ट मॅग्नेटसकट पर्समध्ये टाकला, बाबांना दंडाला धरलं आणि थेट मॅडमच्या केबिनमध्ये. "डॉक्टर," म्हणाली, "यांना ऐकू येतं हे तुमच्याच दवाखान्यानं लिहून दिलंय. आता हे का ऐकत नाहीत त्याचं औषध द्या." मीही होतो तिथे, पाणी द्यायच्या निमित्तानं. मॅडमनी रिपोर्ट बघितला, बाबांकडे बघितलं. उठल्या, बाबांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमच्या कॉलरवर झुरळ चढलंय."

आई खुर्चीवर चढली. मी भिंतीला चिकटलो. बाबा मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून आदबीनं हसत होते.

मग मॅडमनी स्वतः तपासणी केली. खुर्ची आडवी, स्टूल कोपऱ्यात, वीस मिनिटं. मी दाराशी उभा. तो दिवा लागेचना हो. मॅडम आवाज वाढवतायत, वाढवतायत, आणि दिवा काळाठिक्कर. कागदावर गोल आणि फुल्या घसरगुंडीवरून उतरल्यासारख्या खाली खाली. आई काचेतून बघत होती. तिचा हात आपोआप तोंडावर गेला, आणि ती एवढंच म्हणाली, "म्हणजे बेल यांना खरंच..."

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "तीन महिन्यांत इतका फरक पडत नाही. आधीची तपासणी कुणी केली?" विचारायची काय गरज, खाली सही होती, चांगली वळणदार. मी तोंड उघडलं. पण त्याआधी बाबा बोलले. त्यांना प्रश्न ऐकू आला नसणार, पण मॅडमचं बोट सहीवर होतं आणि माझा चेहरा समोर होता, आणि चेहरा तर ते वाचतातच. म्हणाले, "डॉक्टर, चूक माझी आहे. मी आपला उगाचच बटण दाबत होतो. पोराला काय कल्पना." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. बघतच राहिल्या. मी म्हणालो, "मॅडम, मी स्टूल हलवलं होतं." त्यांना कळलं. धंद्यातल्या माणसाला तेवढं पुरतं. सहा महिने मशीनला हात लावायचा नाही, अपॉइंटमेंटच्या खिडकीत बसायचं, ही शिक्षा तिथल्या तिथे झाली. पण आईला आणि बाबांना स्टूलचा अर्थ कळला नव्हता. तो मलाच सांगायचा होता.

सांगितला बसस्टॉपवर. आई कानयंत्राचं विचारायला मागे थांबली होती, आम्ही दोघंच पुढे गेलो. पुढे मागे वीस माणसांची रांग. मी खालच्या मानेनं, हळू म्हणालो, "बाबा, तपासताना मी मॅच ऐकत होतो." बाबा म्हणाले, "काय?" मी जरा मोठ्यानं म्हणालो, "मॅच ऐकत होतो." "काय? माच?" आता काय करणार? बोंबललो, "बाबा, तुमचे कान तपासताना मी मॅच ऐकत होतो!" अख्खी रांग वळली. एक बाई आपल्या पोराला माझ्यापासून दोन पावलं लांब घेऊन गेली. कबुली द्यायची असेल तर ऐकू न येणाऱ्या माणसाला देऊ नये, तुम्हाला सांगतो, तीनदा द्यावी लागते आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक वाढतं.

आणि बाबा शांतपणे म्हणाले, "ते माहितीये मला. मीही बघतच होतो की मॅच."

"कुठे?"

"तुझ्या तोंडावर. आत मला काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं रे, पण तू समोर येऊन बसलास. आपला हल्ला आला की तुझी मान पुढे यायची. हातात बटण होतं, म्हटलं हल्ला आला की दाबूया. गोल झाला तेव्हा तीनदा दाबलं." मग म्हणाले, "शेवटी दोनदा तुझं तोंड पडलं. दोन-एक. दुसऱ्या दिवशी पेपरात बघितलं, बरोबर निघालं. छान झाली मॅच. बऱ्याच वर्षांनी आपण दोघांनी मिळून बघितली."

मी विचारलं, परत बोंबलूनच विचारावं लागलं, "मग तीन महिने बोलला का नाहीत? आई एवढं बोलत होती!"

"तुझी सही होती," ते म्हणाले. "माझं काय, मला अर्धं ऐकूच येत नव्हतं."

आता बोला. तीन महिने त्यांनी जी बोलणी खाल्ली ती माझ्या वाटणीची होती. सात वर्षांच्या पोरासाठी नव्वद मिनिटं वाकून उभा राहिलेला माणूस, आणि चाळिशी उलटलेल्या पोराला त्याच्याकडे वीस मिनिटं लक्ष देता आलं नाही. बस आली तेव्हा मला पायरीसुद्धा दिसत नव्हती. रांगेतल्या एका आजोबांनी मला हात दिला. म्हणाले, "खालच्या विभागात गेला तो क्लब तुमचाच का?" माणसं किती समजूतदार असतात.

आईला घरी जाऊन सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं जुना रिपोर्ट टाकून दिला, मॅडमचा नवा लावला, आणि माझ्यापुढे हात पसरला. मी इअरफोन काढून दिला. तो पण गेला मॅग्नेटखाली, एका पुडीत. "हंगाम संपेपर्यंत," ती म्हणाली, "तुझे दोन्ही कान घरासाठी." म्हणजे आता फ्रिज उघडायचा तर एका बाजूला बाबांचे कान, एका बाजूला माझा. म्हणून म्हटलं ना, बाहेरचंच पाणी पितो.

बाबांना कानयंत्रं मिळाली. दोन्ही कानांना. पहिल्या दिवशी चिमणीनं सशाची गोष्ट परत पहिल्यापासून सांगितली आणि ससा मेला तेव्हा आजोबांनी डोळे पुसले, तिचं समाधान झालं. बेल वाजली की सगळ्यात आधी तेच उठतात, कधी कधी शेजारच्यांची वाजली तरी उठतात. सगळं छान झालं. फक्त एक आहे... ही हल्लीची कानयंत्रं, तुम्हाला सांगतो, थेट फोनला जोडता येतात. कॉमेंट्री सरळ आत. बाहेर टाचणी पडल्याएवढाही आवाज नाही. आणि ती जोडून कुणी दिली? मीच दिली! मशीनवाला ना मी!

खिडकीवाल्याला शनिवारी सुट्टी असते. त्यामुळे दर शनिवारी तीनला मी घरी असतो, वाटाणे सोलत. समोर बाबा, इस्त्रीचा शर्ट घालून, डोळे मिटून बसलेले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत असतो. भुवई हलते का? मान पुढे येते का? काही नाही हो. भिंत. एवढी वर्षं माझं तोंड वाचलेला माणूस, त्याला बरोबर माहिती आहे काय हलवायचं नाही ते. परवा राहवेना, वाटाणे बाजूला ठेवले आणि विचारलं, "बाबा, किती झाले?" त्यांनी एक डोळा उघडला आणि म्हणाले, "काय म्हणालास? ऐकू नाही आलं."

आता मी काय म्हणणार? तुम्हाला ऐकू सगळं येतं आणि मुद्दाम ऐकत नाही, असं? ते वाक्य आमच्या घरात तीन महिने वापरून संपलंय, आणि ते संपवलं ते माझ्याच सहीनं. तेव्हा बसलोय आपला. वाटाणे सोलतोय. कान दोन आहेत, दोन्ही मोकळे.